जेबेझ हार्करची पेटी

जेबेझ हार्कर क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या सभेत अडतीस वर्षं बसला आणि त्या अडतीस वर्षांत त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. गप्प बसणं हेच तिथलं मुख्य काम असल्यामुळे हा काही गुन्हा नव्हे. पाद्री नाही, प्रवचन नाही, गाणं तर नाहीच नाही. मंडळी तासभर बाकांवर मुकाट बसतात. कुणाला आतून हाक आली तर तो उठतो, चार वाक्यं बोलतो आणि खाली बसतो. पण माणसाने दहा वर्षांतून एकदा तरी उठावं, एवढी माफक अपेक्षा असते. मधमाश्या पाळणारा एनॉस बेल दर वसंतात उठायचा आणि दर वसंतात मधमाश्यांवरच बोलायचा. तेही लोक ऐकून घेत. जेबेझकडून मात्र मधमाशीएवढीही गुणगुण नाही.

तसा तो जन्माने गाणाऱ्यांतला. त्याचं घराणं मेथडिस्ट पंथाचं, आणि स्कारबेक गावात मेथडिस्टांचं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, क्वेकरांच्या सभाघराच्या बरोबर समोर. मध्ये एक गल्ली, तीही एक घोडागाडी जेमतेम जाईल एवढी. रविवारी अकरा वाजता गल्लीच्या या अंगाला तीस माणसं श्वाससुद्धा जपून घेत असायची आणि त्या अंगाला साठ माणसं छप्पर उडेल अशी गात असायची. सत्ताविसाव्या वर्षी जेबेझ प्रिसिला फॉदरगिलच्या पायी गल्ली ओलांडून इकडे आला. चॅपलवाल्यांनी फारशी हळहळ केली नाही, कारण त्याचा गळा फाटका होता. जो काही सूर होता तो त्याच्या बोटांत होता.

येताना त्याने कॉन्सर्टिना आणली होती. दोन तळव्यांत मावेल एवढी सहा कोनांची पेटी, दोन्ही अंगांना बटणं, मध्ये भाता. पेशाने तो गडगे रचणारा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि साऱ्या डोंगरउतारावरच्या मेंढ्या त्याच्या गडग्यांच्या आडोशाने वारा चुकवायच्या. बोटं जाड, नखं फुटलेली. पण शनिवारी दुपारी प्रिसिला लोणी घुसळायला बसली, की तीच बोटं पेटीवर अशी पळायची की घुसळणं आणि वाजवणं एका तालात चालायचं. घरात काय वाजवता ते तुमचं तुम्ही आणि तुमचा देव बघून घ्या, सभाघरात मात्र वाद्य नाही, अशी रीत होती. प्रिसिलाची मोठी बहीण रिबेका ही सभेतली वडीलधारी. शनिवारी दुपारी ती या घराकडे कधीही फिरकली नाही. कानावर पडलं नाही की आक्षेप घ्यावा लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकोणीसशे तेहेतीसच्या मार्चमध्ये एका रविवारी, सभेला अर्धा तास झाला असताना जेबेझची छाती धडधडायला लागली. तळहात ओले झाले, गुडघे लटपटले. क्वेकरांच्यात हाक ओळखायची खूण हीच. उगाच का त्यांना लोक क्वेकर, म्हणजे थरथरे, म्हणतात? अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या छातीत झालेली धडधड आज आपल्या छातीत, म्हणून जेबेझ घाबरला. त्याहून घाबरला तो दुसऱ्याच गोष्टीने. आत शब्द नव्हतेच. एक धून होती. तीन सूर खाली उतरायचे, एक वर चढायचा आणि तिथेच थांबायचा.

उठून करणार काय? पेटी घरी, फडताळात. गळा उघडला असता तर समोरचं चॅपलही गप्प झालं असतं. तो तसाच घामाघूम बसून राहिला आणि धून निघून गेली.

"मला आज हाक आली होती," परतताना तो प्रिसिलाला म्हणाला.

"पोट बिघडलं असेल," प्रिसिला म्हणाली. "काल रात्रीचं मटण तू एकट्याने संपवलंस."

"चेष्टा नको करू. धून आली. शब्द नाहीत, नुसती धून."

प्रिसिलाने त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याची थट्टा हा तिचा अडतीस वर्षांचा नेम होता, पण नेम कधी मोडायचा हेही तिला कळायचं. "मग आता?"

"आता काय. पुन्हा आली तर पेटी जवळ पाहिजे."

पुढच्या रविवारी तो कोटाखाली पेटी घेऊन गेला. कोटाखाली लपवली म्हणजे दिसत नाही, ही त्याची समजूत. दिसत होतं असं, की जेबेझ हार्करला सातवा महिना लागलाय. त्या दिवशी धून काही आली नाही. बारा वाजता समोरच्या उंच बाकावरून रिबेकाने शेजारी बसलेल्या चिटणीस ॲम्ब्रोजशी हात मिळवला, म्हणजे सभा संपली, आणि ती सरळ जेबेझपाशी येऊन उभी राहिली. ऐंशीला टेकलेली, करडी टोपी, काठीसारखी ताठ. क्वेकर कुणालाच अहो-जाहो करत नाहीत. रिबेकाने तर एकदा मॅजिस्ट्रेटला भर कचेरीत 'तू आधी नीट ऐक' म्हणून सुनावलं होतं. तिथे मेहुण्याची काय कथा.

"कोटात काय आहे?"

"पेटी."

"वाजवायचं ठरवून आलास?"

"ठरवून नाही. हाक आली तर जवळ असावी, म्हणून."

"हाक येणार हे तुला घरून निघतानाच कळलं होतं?"

"तसं नाही गं..."

"मग आणलीस कशाला? जो घरून तयारी करून येतो, तो आधीच ठरवून येतो. तयारी केलेलं बोलायला समोर चॅपल आहे."

जेबेझला राग येत नसे, पण त्या दिवशी आला. "तू बोलायला येतेस तेव्हा जीभ घरी ठेवून येतेस का?"

"जीभ मी फडताळातून काढून आणत नाही, जेबेझ. ती आपली आपण येते."

खरं सांगायचं तर त्याला तिचं म्हणणं पटलंही होतं, आणि तीच अडचण होती. हाक माणसाने ठरवायची नसते. पण पेटी माणसाने उचलून आणल्याशिवाय येत नाही. बरं, आतून जे आलं ती हाक होती की नुसती हौस? तो रात्रंदिवस हेच घोळवत बसला. हौस असेल तर सभेत वाजवणं म्हणजे देवाच्या नावावर आपला कंड शमवणं. हाक असेल तर न वाजवणं म्हणजे तोंड फिरवणं.

प्रश्न मासिक बैठकीपुढे गेला. आता क्वेकरांची बैठक म्हणजे काय, ते चॅपलवाल्यांना विचारा, हसून हसून सांगतील. तिथे मतदान नसतं. सगळ्यांनी विचार करायचा, थोडं बोलायचं, पुष्कळ गप्प बसायचं, आणि सभेचं मन कुठे झुकतंय ते चिटणीसाने ओळखून तिथल्या तिथे लिहायचं. एक जरी माणूस 'मला वाट मोकळी दिसत नाही' म्हणाला, तरी विषय पुढच्या महिन्यावर. चिटणीस ॲम्ब्रोज रॉ हा किराणा दुकानदार. साबणाची वडीसुद्धा तो गिऱ्हाइकाच्या मनाचा अंदाज घेऊन द्यायचा.

पहिल्या महिन्यात एनॉस बेल म्हणाला, "आज पेटी, उद्या विल्फ्रेड पीअर्ट आपला कॉर्नेट, ती पितळी तुतारी, घेऊन आला तर?"

विल्फ्रेड दूधवाला. तो म्हणाला, "कॉर्नेट देऊन मी डुकरीण घेतली. माझी काळजी करू नका."

"मग डुकरीण आणू नकोस म्हणजे झालं," प्रिसिला म्हणाली, आणि ॲम्ब्रोजला पाच मिनिटं शांतता पाळायला सांगावं लागलं.

शेवटी रिबेका उठली. "मला वाट मोकळी दिसत नाही," म्हणाली आणि बसली.

दुसऱ्या महिन्यात तेच. सहाव्यात तेच. मेथडिस्ट लोहार जेबेझला रस्त्यात गाठून विचारायचा, "काय रे, झालं का मोकळं? आमच्यात एवढ्या वेळात दोन गायकमंडळं उभी राहिली आणि भांडून मोडलीसुद्धा." प्रिसिला घरी म्हणायची, "पोप निवडायला इतका वेळ लागत नाही." पण बहिणीवर दबाव आण, असं जेबेझने तिला एकदाही सुचवलं नाही. तशी रीतच नव्हती. आणि रिबेका हट्टाने बोलत नाही, हे त्यालाही दिसत होतं. ती खरोखरच महिनाभर विचार करून येत होती. दर वेळी थोडी अधिक दमलेली दिसायची.

चौदाव्या महिन्यात, जूनमध्ये, तीच म्हणाली, "पेटी सभाघरातच ठेवली तर?"

सगळे बघायला लागले.

"इथल्या कपाटात. कायमची. बायबल आहे, कंदील आहे, तशी पेटी. म्हणजे ती कुणी आणली असं होणार नाही. जिभेसारखी असेल. हाक आली तर उठेल, नाही आली तर पडून राहील. पण घरी न्यायची नाही. शनिवारी वाजवून बोटं तयार करायची आणि रविवारी हाक आली म्हणायचं, हे नाही."

ॲम्ब्रोजने जेबेझकडे पाहिलं. जेबेझकडे ती एकच पेटी होती, आणि त्याच्या साऱ्या आठवड्यात शनिवारची दुपार एकच.

"चालेल," तो म्हणाला.

ॲम्ब्रोजने लिहिलं, वाचून दाखवलं, कुणी हरकत घेतली नाही. चौदा महिन्यांचा घोळ साडेचार ओळींत आटोपला.

मग गंमत झाली. परवानगी मिळाली आणि हाक यायची बंद झाली.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. दर रविवारी जेबेझ कपाटाजवळच्या बाकावर बसायचा. त्याने घसा खाकरला की तीस माणसं डोळे मिटल्या मिटल्या कान टवकारायची. एकदा तो शिंकला, तर ॲम्ब्रोजने दचकून टोपी पाडली. मेथडिस्ट लोहार दोन रविवार आपलं चॅपल बुडवून मुद्दाम इकडे येऊन बसला आणि तासभर काहीच झालं नाही म्हणून वैतागून गेला. "तुमच्यापेक्षा माझी ऐरण बरी, ठोकली की वाजते," म्हणाला. विल्फ्रेडने तर विचारलंच, "जेबेझ, माझी डुकरीण परत देऊन कॉर्नेट आणू का?"

या सगळ्याला जेबेझ हसायचा. हसू ओठांवरच असायचं. घरी जेवणाच्या टेबलावर त्याची बोटं आपोआप चालायला लागायची, ओटची भाकरी बाजूला राहायची, आणि मग लक्षात आल्यावर तो हात मांडीवर घ्यायचा. मनात एकच कुरतडणं. दिलेली वस्तू परत मागायची नसते. पण दिली ती कशाला? ती हौसच असणार. हाक असती तर आता का थांबली? पासष्ट वर्षांचा माणूस, आणि साऱ्या गावाला चौदा महिने कामाला लावलं, ते एका म्हाताऱ्याच्या हौसेपायी.

प्रिसिलाने पहिले दोन महिने घ्यायची तेवढी मजा घेतली. "किती छान शांतता आहे घरात, आता माझं बोलणं तरी ऐकू येईल," वगैरे. डिसेंबरातल्या एका शनिवारी घुसळता घुसळता तिने रवी मध्येच सोडून दिली.

"घर खायला उठतं रे," ती म्हणाली. "लोणी येतच नाही लवकर. जा, घेऊन ये ती पेटी."

"लिहिलंय ना."

"लिहिलेलं खोडता येतं."

"त्याला बैठक लागेल. पुन्हा चौदा महिने. तोवर आपण दोघं जिवंत असू का?"

"तुझं काही नक्की सांगता येत नाही," प्रिसिला म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. जेबेझने रवी हातात घेतली आणि राहिलेलं लोणी काढलं. त्याला ते काम मुळीच जमत नव्हतं.

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. बाहेर गारठा, आत शेगडी धुमसत होती. समोरच्या चॅपलचं गाणं संपलं आणि दोन्हीकडे एकच शांतता झाली. तेवढ्यात रिबेका उठली.

तिचं उठणं सगळ्यांच्या ओळखीचं. पन्नास वर्षं ती अशीच उठायची, दोन्ही हात समोरच्या कठड्यावर, आवाज खणखणीत, वाक्य सुरू झालं की शेवटाला पोचणारच.

"माझी आई म्हणायची," रिबेका म्हणाली.

आणि थांबली.

लोक थांबले. क्वेकर थांबण्यात कुणाला हार जाणार नाहीत. एक मिनिट गेलं. रिबेकाचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "माझी आई..." एवढंच आलं. गेल्या वर्षभरात तिचे शब्द मधूनच हरवायला लागले होते. किटलीला 'ते' म्हणायची, ॲम्ब्रोजला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारायची. पण इथे, उभी राहिल्यावर, असं कधी झालं नव्हतं.

जो उठलाय तो खाली बसेपर्यंत दुसऱ्याने हलायचं नाही, ही तिथली रीत, आणि ती पाळायला लावणारी इतकी वर्षं रिबेकाच. कुणी शब्द सुचवायचा नाही. प्रिसिलाला आईच्या म्हणी सगळ्या पाठ होत्या, तरी ती ओठ घट्ट मिटून बसली होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. रिबेका बसेनाही. बसली असती तर संपलं असतं. तिचा उजवा हात कठड्यावर काहीतरी चाचपत होता, अंधारात काडेपेटी शोधावी तसा.

जेबेझची छाती धडधडली नाही. तळहात कोरडे होते. गुडघे जागच्या जागी होते. आत ना शब्द, ना धून. त्याला फक्त तो हात दिसत होता, आणि तो बघवत नव्हता.

तो उठला. कपाटाचं दार किरकिरलं. तीस माणसांनी डोळे उघडले. पेटी गारठ्याने आखडली होती; भाता ओढल्यावर ती आधी नुसती धापली, मग एक बटण बेसूर केकाटलं आणि अडकून मुकं झालं. गेल्या मार्चमधली, नव्हे त्याआधीच्या मार्चमधली ती चार सुरांची धून त्याने आठवून पाहिली. ती केव्हाच गेली होती. बोटांना एकच वाट पाठ होती, म्हणून त्यांनी लोणी घुसळायची चाल धरली. जेबेझने ती ओढून धरली, संथ केली, दोन घुसळण्यांच्या मध्ये जेवढा श्वास राहतो तेवढी जागा ठेवत गेला. मध्येच बोटं सवयीने पळाली, त्याने पुन्हा आवरली. अडकलेला सूर दर फेरीला यायचा आणि दर फेरीला मुका राहायचा.

शनिवारी दुपारी अडतीस वर्षं तिने चुकवलेली ती चाल रिबेका पहिल्यांदाच ऐकत होती. तिचा हात चाचपायचा थांबला. ती उभीच होती, ताठ, समोर बघत, बोलत असताना बघायची तशी. चाल शेवटाला आली. जेबेझने भाता मिटला. रिबेकाने मान हलवली आणि खाली बसली, बोलणं पुरं झाल्यावर बसायची तशीच.

त्यानंतरची शांतता किती वेळ चालली, ते ॲम्ब्रोजलाही सांगता आलं नाही. घड्याळात सव्वाबारा झाले तेव्हा कुठे रिबेकाने त्याच्याकडे वळून हात मिळवला. चॅपलवाले केव्हाच घरी जाऊन जेवायला बसले होते.

जेबेझने पेटी कपाटात ठेवली आणि तो दाराशी रिबेकाची वाट बघत उभा राहिला. आपल्या हातून काय झालं हे त्याला नीट कळत होतं. हाकेशिवाय वाजवलं, उभ्या माणसाच्या बोलण्यात वाजवलं, आणि वर लोणी घुसळायची चाल. चौदा महिन्यांच्या ठरावाचं एका दमात वाटोळं. हे सांगून टाकल्याशिवाय त्याला जेवण गेलं नसतं.

रिबेका प्रिसिलाच्या हाताला धरून आली.

"रिबेका," तो म्हणाला, "मला हाक आली नव्हती. खरंच नव्हती आली. धडधड नाही, काही नाही. मी आपला माझ्याच मनाने उठलो."

रिबेकाने त्याच्याकडे बघितलं. शब्द गोळा करायला तिला वेळ लागला. प्रिसिला काही बोलणार होती, तिला तिने हाताने थांबवलं.

"मी उभी होते ना?"

"होतीस."

"मग हाक... मला आली होती. तुला कशाला येईल?" ती थांबली. पुढचा शब्द सापडेपर्यंत तिने त्याच्या कोटाची बाही धरून ठेवली. "माझं बोलणं होतं ते. तू फक्त वाजवलंस."

जेबेझला काही बोलता येईना. अर्थात त्याला सवय होती.

रिबेका दोन पावलं गेली आणि वळली.

"मध्ये जरा घाई केलीस," ती म्हणाली. "मी एवढं भरभर बोलत नाही."